कडू झालेला बटाटा

टोपलीतला एक बटाटा हिरवा पडला होता, कोंबही फुटले होते. ते खुडून त्याच्या फोडी कराव्यात म्हणून मी विळी ओढली, तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हणाली, "आई, तो नको गं. विषारी असतो." मोड आलेली मटकी कच्चीच मूठमूठ खाणारी ही पोरगी हल्ली तीही शिजवून मागते.

"आम्ही नाही का खाल्लं सगळं?" अगदी ओठांवर आलं होतं. पण बटाट्याकडे लक्ष गेलं. कालपर्यंत कुणाच्याही भाजीत पडणारा हा, कोंब फुटताच कडू झाला होता. कोंबाला कुणी खाऊ नये म्हणूनच ना?

विळी मिटली. बटाटा कुंडीत पुरला आणि लेकीची मटकी चांगली रटरटू दिली.