चारच्या वर रचू नका

ती घटना मला आजही आठवते असं लिहिलं, तर ते अर्धंच खरं होईल. पुष्कळ घटना पाहिल्या, बऱ्याच विसरलो. या प्रकरणातले एका गुरुवारपासून शनिवारपर्यंतचे दोन दिवस मात्र विसरता येत नाहीत. नोकरीत असताना यावर कधी बोललो नाही. बायकोलाही सांगितलं नाही. मुदतीआधीच सेवानिवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी कारण विचारलं, मी गुडघेदुखी सांगितली.

तेव्हा मी रायपूरमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गुढियारीचा बराच भाग आमच्या हद्दीत होता. रेल्वेचा मालधक्का, गोदामं, हमालांच्या वस्त्या. पावसाळा सुरू झाला होता. त्या दिवसांत नकली औषधांबद्दल वरून फार विचारणा होती. दर बैठकीत वरिष्ठ एकेका प्रभारीकडे पाहून विचारायचे, तुमच्याकडे काय? आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. अशा वेळी माणूस खबरीची वाट पाहतो आणि आलेली खबर खरी असावी अशी इच्छा धरून बसतो. ही इच्छा तपासाला किती घातक असते, हे मला पुढे कळलं.

खबर दिली एका पानठेलेवाल्याने. त्याच्या गल्लीत एक माणूस घरी बसून औषधाच्या कुप्या भरतो, छापील खोक्यांत घालतो, टेप मारतो. एवढ्यावर तो थांबला नाही. तो माणूस खोका घेऊन छतावर जातो, तिथून खाली टाकतो, मग खाली येऊन उघडतो आणि कुप्या मोजतो, असंही म्हणाला. मी विचारलं, असं कोण कशाला करेल? तो म्हणाला, "साहब, पागल नहीं है तो चोर है. पागल होता तो मोहल्ले को पता रहता."

मंगळवारी दुपारी आम्ही दोन पंच आणि औषध निरीक्षकांना घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर. खाटा बाहेर काढून ठेवल्या होत्या, कारण आत जागाच नव्हती. भिंतीला लागून खोक्यांच्या चळती, त्यांवर विटा. एका कोपऱ्यात खोक्यांभोवती ओली पोती टांगलेली. खोक्यांवर सर्पदंशावरच्या इंजेक्शनचं नाव छापलेलं, आणि आत शेकडो काचेच्या कुप्या. निरीक्षकांनी एक कुपी फोडून वास घेतला, पाण्याचा थेंब जिभेला लावला आणि म्हणाले, नमक का पानी.

खरीप सुरू होता, गावोगाव लोक शेतात उतरलेले, आणि हा माणूस सापाच्या विषावर मिठाचं पाणी भरतोय. तेव्हाचा माझा राग खरा होता, हे मी आजही म्हणतो.

त्या माणसाचं वय पंचेचाळीसच्या आसपास. भनपुरीच्या एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात तो नमुने तयार करायचा, म्हणून सगळे त्याला सॅम्पलवाले भैया म्हणत. घर मूळचं विदर्भातलं, वडील रेल्वेत. माझंही तसंच. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तो लगेच मराठीत बोलू लागला. मी हिंदीत उत्तर दिलं. आपला माणूस आहे असं त्याला वाटू द्यायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटू द्यायचं नव्हतं. त्याची बायको दारात उभी राहून त्यालाच बोलत होती, की कारखान्यातले खोके घरात आणू नका म्हणून किती वेळा सांगितलं, आता निस्तरा.

ठाण्यात त्याने जे सांगितलं ते असं. औषधाचे खोके वाटेत बसतात, म्हणजे वरच्या वजनाने चेपतात, आणि तळाच्या रांगेतल्या कुप्या फुटतात. सगळे दोष हमालांना देतात. याचं म्हणणं, दोष खोक्यात आहे. पुठ्ठ्याच्या आत जो लाटांचा कागद असतो त्या लाटा उभ्या पाहिजेत, म्हणजे त्या खांबासारखं वजन पेलतात. कारखान्यात पुठ्ठ्याचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून कापणी आडवी करत, त्यामुळे लाटाही आडव्या होत. त्यात पावसाळ्याची ओल कागद पितो. याने उभ्या लाटांचा, आत खणांची जाळी असलेला नवा खोका बनवला होता. कारखान्यात यंत्र मोकळं मिळेना, म्हणून तपासणी घरी. कुप्या भंगारवाल्याकडच्या, मिठाचं पाणी वजनासाठी, छापील पुठ्ठा रद्दीतला. छतावरून टाकणं म्हणजे हमालाच्या हातून पडणं. ओली पोती म्हणजे पाऊस.

आज हे लिहिताना सगळं किती सरळ वाटतं. तेव्हा मला ती फार विचार करून रचलेली गोष्ट वाटली. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस थोडक्यात बोलतो किंवा फार तपशील देतो. हा तपशील देत होता. खरं बोलणाराही तपशील देतो, हे मी सोयीने विसरलो.

कारखान्याच्या मालकाला बोलावलं. तो घाबरलेला होता. नकली औषधाच्या प्रकरणात आपलं नाव येईल या भीतीने त्याने सरळ सांगितलं, की असं काही काम आम्ही दिलेलं नाही, पुठ्ठा न विचारता नेलाय. सॅम्पलवाला समोरच बसला होता. त्याने मालकाकडे नुसतं पाहिलं. मी ते पाहणंही चोरी पकडली गेल्याचा पुरावा समजलो.

बुधवारी न्यायालयातून पोलीस कोठडी मिळाली. पत्रकारांना बोलावलं, टेबलावर खोके मांडले, मागे आरोपीला उभं केलं, मी मध्ये. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. वरिष्ठांचा फोन आला, शाबासकीचा. खूप दिवसांनी आला होता.

त्याच बुधवारी संध्याकाळी चौकशीत तो म्हणाला, "साहेब, मले किती दिवस ठेवायचं ते ठेवा. पण शनिवारी औषधाच्या सरकारी डेपोतून गाडी निघून राहिली. जुन्याच खोक्यांची. आठ-आठ रचतात ते. त्यांना एक फोन करून सांगा, चारच्या वर रचू नका. बस एवढंच सांगा."

मी म्हटलं, "तू अपनी फिकर कर."

मालखान्याची आमची पद्धत अशी. जप्त केलेला माल लाखेचा शिक्का मारून, चिठ्ठी लावून जमा करायचा. पण खोली लहान, आणि पावसात एका कोपऱ्यात गळती. त्यामुळे नवा माल आला की तो खाली सरकवून त्यावर जुनं सगळं रचलं जायचं. कायद्याने जपायचा माल आम्ही ओझ्याखाली ठेवत होतो आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. आमच्या हवालदाराने या खोक्यांवर चोरीच्या लोखंडी सळया आणि जप्त केलेली पाण्याची मोटर ठेवली होती. आम्ही त्या घरातून जुने आणि नवे दोन्ही नमुने आणले होते. बाहेरून दोन्ही अगदी सारखे.

गुरुवारी सकाळी हवालदाराने मला बोलावलं. जमिनीवर पाणी पसरलं होतं. गळतीचं असेल म्हणून त्याने माल हलवला, तर ते खोक्यांतून येत होतं. तो म्हणाला, "साहेब, ये चार ठन पिचक गे. अउ ये चार ठन ला कुछु नइ होइस."

चार पार चेपले होते आणि चार जसेच्या तसे उभे होते. ओझं तेच, ओल तीच. चेपलेल्या खोक्याची फाटलेली कड मी पाहिली. आतल्या लाटा आडव्या. मग उभ्या राहिलेल्या खोक्याचा एक कोपरा नखाने उचकटून पाहिला. उभ्या.

मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून होतो. हवालदार निवृत्तीला आलेला, जुना माणूस. त्याला सगळं समजलं होतं. त्याने विचारलं, "रोजनामचा म चढ़ा दंव?"

ठाण्यात जे घडतं ते त्या त्या वेळी रोजनाम्यात चढवायचं असतं. हे चढवलं असतं तर वरिष्ठांना कळवावं लागलं असतं, न्यायालयाला कळवावं लागलं असतं. पेपर अजून माझ्या टेबलावर घडी न करता पडला होता. मी म्हटलं, "अभी रहने दो. लॅब की रिपोर्ट आने दो."

त्याने फडकं आणून जमीन पुसली.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. डेपोचा नंबर औषध निरीक्षकांनी मला पहिल्याच दिवशी दिला होता. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. शुक्रवारी दोनदा रिसीव्हर उचलला. मनात वाक्यही तयार केलं, की खबर आहे, माल जपून रचा, कारण विचारू नका. एवढंही चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मला वाटत होतं, की हा फोन केला म्हणजे मी त्याच्यावर विश्वास ठेवला हे माझ्यापुरतं नक्की होईल, आणि मग मला बाकीचंही करावं लागेल. मी स्वतःला समजावलं, की आठ रचले म्हणून प्रत्येक वेळी फुटतात थोडेच. शुक्रवारी जेवण गेलं नाही. घरी सांगितलं, पित्त झालंय.

शनिवारी सकाळी गाडी गेली.

सोमवारी मी फोन केला. आता फोन करणं सुरक्षित होतं, आता ती चौकशी होती. डेपोवाले म्हणाले, धमतरीच्या पलीकडे जंगलातल्या एका आरोग्य केंद्रावरून तक्रार आलीय, तळाच्या दोन रांगा बसल्या. त्या केंद्राच्या डॉक्टरांनाही फोन लावला. रविवारी तिथे रोपं लावताना साप चावलेली एक बाई आणली होती. खोके उघडले तर बहुतेक कुप्यांचा चुरा. धड होत्या तेवढ्या दिल्या आणि गाडीने मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रस्ता पावसाने खराब. बाईचा जीव वाचला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला. मी विचारलं, पूर्ण औषध तिथेच मिळालं असतं तर? डॉक्टर म्हणाले, कदाचित. त्या कदाचितवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, भंगारवाल्याचा जबाब झाला, मालकानेही कबूल केलं की नमुन्याचं काम चालू होतं हे त्याला माहीत होतं. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला असा अहवाल मीच लिहिला. गैरसमज हा शब्द मंगळवार आणि बुधवारपुरता बरोबर होता. मालखान्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

अकराव्या दिवशी तो जेलमधून सुटून सामान घ्यायला ठाण्यात आला. मला वाटलं, शिव्या देईल. त्याने विचारलं, "गाडी गेली का, साहेब? कशी रचली होती?"

मी म्हटलं, "मुझे क्या मालूम." मला माहीत होतं.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी मी गुढियारीला त्याच्या घरी गेलो. तो आता दुसऱ्या कारखान्यात होता. त्याच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं आणि म्हणाली, "या. झडती घ्यायची असंन तर घ्या. आता एकच खोका आहे घरात, टीव्हीचा." मग चहा टाकायला गेली. मी त्याला पहिल्यांदाच मराठीत सगळं सांगितलं. मालखाना, हवालदार, काचेखालचा नंबर, ती बाई. संपल्यावर म्हणाला, "मले काहून सांगून राहिले, साहेब? माझे अकरा दिवस गेले, हात नाही गेला. तिले सांगा."

मी तिच्या गावी गेलो. बाई अंगणात डाव्या हाताने भाजी निवडत होती. नवऱ्याने खाट टाकली. जमेल तशा छत्तीसगढीत मी सांगितलं, की औषध फुटणार हे मला आधी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. नवरा उठून घरात गेला, पुन्हा बाहेर आला नाही. बाई भाजी निवडायची थांबली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचाराल तर एवढंच सांगतो. चुकीच्या संशयाची नोंद कुठेतरी होते, तिला कागद असतो, सही असते. संशय फिटल्यावर गप्प बसण्याची नोंद कुठेच होत नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी सांगेन, की हवालदार विचारेल त्याच क्षणी रोजनाम्यात चढवा. दुसऱ्या दिवशी लिहायला हात उचलत नाही.

मला वाटलं होतं, मी हेच सांगायला तिच्याकडे गेलो. पण तिला माझ्या पश्चात्तापाचं काही करायचं नव्हतं. टोपली बाजूला ठेवून ती उठली आणि तिने विचारलं, "दवई अब बने खोखा म आथे का?" औषध आता चांगल्या खोक्यातून येतं का.

मला उत्तर माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी रोज त्या दोन दिवसांची उलटतपासणी केली होती, पण खोके बदलले का, एवढी साधी चौकशी एकदाही केली नव्हती. तिच्या गावात पुन्हा रोपं लागत होती. बाया चिखलात उतरलेल्या अंगणातून दिसत होत्या.

विचारून सांगतो, मी म्हणालो. ती तशीच उभी राहिली, उत्तर आत्ताच हवं असल्यासारखी. मग मी तिलाच आरोग्य केंद्राचा रस्ता विचारला.