काळ्या कापडाआडचा उजेड

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या घाटकोपरच्या भटवाडीत कुणाच्या अंगात आलं की मी तोंडावर हसायचे, आई चिमटा काढायची. तरी हे लिहितेय...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी टेक्निशियन होते. टीव्हीवर काळेपांढरे चौकोन उलटसुलट होताना दाखवायचे, पेशंटच्या डोक्याला वायरी लावायच्या आणि डोळ्यांचा निरोप मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते मशीनवर बघायचं; निरोप पोचला की रेघेवर लाट उठते. काम माझं चोख. उगाच नम्रपणा कशाला?

आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. मोतीबिंदू इतका पिकलेला की मागची नस जिवंत आहे का, ते डॉक्टरांना दिसेना. मशीनवर लाट आली तर ऑपरेशन, नाहीतर कायमचा अंधार.

नेमका तेव्हाच त्या टीव्हीच्या जागी नवा मॉनिटर आला होता. त्यावर आईची रेघ सपाट. डॉक्टर सॉरी म्हणाले आणि मी भडकले. म्हटलं, हा मॉनिटर आल्यापासून सगळ्यांच्याच लाटा उशिरा येतायत, अख्ख्या मुलुंडची नस बिघडली काय? मग मी स्वतःला आणि आमच्या शिपायाला दोन्ही पडद्यांवर तपासून दाखवलं. जुन्या टीव्हीवर आम्ही वेळेत, नव्यावर दोघंही उशिरा. नवा पडदाच मंद होता, आईची लाट त्यानेच गिळली असणार! माझी छाती फुगली.

जुन्या टीव्हीवर आईची लाट आली... बारकीशी, पण आली. आता खात्री करायची म्हणून चालू टीव्हीवर जाड काळं कापड टाकलं, ही आमची पद्धतच. पडदा झाकला की रेघ सपाट यायला हवी. तरीही लाट आली तर ती मशीनची, माणसाची नाही. माझी सपाट आली, शिपायाची सपाट आली.

आईची लाट मात्र कापडाआडूनही आली, तशीच्या तशी. मी वायरी बदलल्या, कापड दुहेरी केलं — पुन्हा तीच. म्हणजे टेस्ट फुकट, ऑपरेशनही गेलं. मी तिला विचारलं, काय दिसतंय?

"चौकोन बिकोन नाय गो," आई म्हणाली. "उजेड हलता हा. मगासपासून."

डॉक्टरांनी मशीन बंद केलं. मग म्हणाले, "मशीनचं राहू दे. बाई म्हणतायत ना उजेड हलतोय? म्हणजे नस जिवंत असेल. करू ऑपरेशन."

पट्टी सुटली तेव्हा आईने मला टक लावून बघितलं आणि माझे केस कधी पिकले ते विचारलं. मी सगळ्या वॉर्डासमोर रडले.

पुढे आमच्याकडे नवा पडदा आला की आधी धडधाकट माणसांवर तपासायचा, हा नियम माझ्यामुळे झाला. त्याचा अभिमान मला आजही आहे. कापडाचं मात्र अजून कळलेलं नाही. डॉक्टर म्हणायचे, मशीनचा दोष असेल. असेल बाबा... पण तो मला आणि शिपायाला सोडून आईलाच कसा सापडला?

आईलाही एकदा खोदून खोदून विचारलं. ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "माका तुका बघूचा होता गो."