वाघ नाही म्हणणारे

"आतली गोष्ट वेगळीच हाये, गुरुजी," असं म्हणत तो ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते मान वाकडी करून बघायचा. पंक्चर सापडलं की त्याचा चेहरा उजळायचा. जगात जागोजागी कुणीतरी खिळे ठोकून ठेवले आहेत आणि ते सरकारनेच ठोकले आहेत, अशी त्याची पक्की खात्री होती.

तुमसरहून आंबागडच्या बाजूला जाताना जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या शाळेत मी बरीच वर्षं होतो. बसथांब्यावरच त्याचं सायकलचं दुकान. बस वेळेवर यायची नाही, त्यामुळे त्याच्या बाकावर बसणं हा आम्हा मास्तरांच्या नोकरीचाच भाग होता. गाव त्याला भाऊ म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. असा एक भाऊ तुमच्याही ओळखीचा असेल. चौकात नसला तर मोबाइलमध्ये नक्की असेल.

चंद्रावर कुणी गेलेलंच नाही, राजस्थानात शूटिंग केलं. ढग आपल्याकडे येतात, पण विमानातून दवा फवारून त्यांना परत पाठवतात. शाळेच्या खिचडीत पोरांची बुद्धी मंद करायची पूड असते.

"भाऊ, आपल्या पोरांवर सरकार एवढा खर्च कायले करंल?" मी विचारायचो.

तो हसायचा नाही. "तुमी सरकारचा पगार खाता. तुमाले नाई दिसणार."

त्याने लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ वारल्यावर वहिनी आणि तो एकाच घरात राहायचे. वहिनीच त्याला रांधून घालायची आणि तीच त्याची जाहीर थट्टा करायची. दुकानावर डबा घेऊन आली की आम्हाला सांगायची, "याले पाणी देल्लं तरी इचारते, कोणं धाडलं?" तिच्यापुढे मात्र तो लाजून हसायचा.

एका पावसाळ्यात जंगलातले बरेच साग पडले. वनखात्याचे साहेब लोक म्हणाले, वादळाने पडले. भाऊ स्वतः जाऊन बघून आला. बुंधे सपाट कापलेले होते. "वादळाच्या हातात आरा होता काय?" असं तो तालुक्याला जाऊन ओरडला. लोक हसले, पण पुढे चौकशी लागली आणि एका साहेबाची बदली झाली. भाऊचं खरं निघालं, आणि तिथेच घात झाला. त्यानंतर गावाने सागाबरोबर चंद्र, ढग आणि खिचडीही खरी धरली.

मग एका हिवाळ्यात गावाच्या गाई मरायला लागल्या. लोकांनी चिखलातले पंजे दाखवले. साहेब म्हणाले, बिबट आहे, वाघ नाही, अफवा पसरवू नका. वाघ आहे म्हटलं की बंदोबस्त करावा लागतो, म्हणून वाघ नव्हता.

उन्हाळा लागला आणि मोह पडायला लागला. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. झाडं पुष्कळशी जंगलात, काही शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. बाया पहाटेच टोपली घेऊन जातात आणि कमरेत वाकून फुलं वेचतात, वाळवून विकतात. नेमक्या त्याच दिवसांत साहेबांची जीप आली आणि तिच्यावरचा भोंगा ओरडू लागला: वाघीण आहे, सोबत पिलं आहेत, मोह वेचायला जाऊ नका.

"हिवाळाभर वाघ नाई म्हणत होते," भाऊ बाकावर उभा राहून बोलला. "अन् मोह पडाले लागला त वाघ आला? आपल्याले हटवून कोणाले तरी मोह द्याचा हाये!"

तुम्हीच सांगा, यात चुकीचं काय होतं? तरी मी म्हटलं, "भाऊ, खोटं बोलणारा एखाद्या दिवशी खरंही बोलते."

"तुमाले भेव वाटते त घरी बसा, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी दोन शेजारणींना घेऊन गेली. वाघीण होती, आणि तिने वहिनीलाच गाठलं.

वहिनीचा मोह धुऱ्यावरचा. भाऊनेच तिला तिथून उचललं आणि बाजेवर घालून घरी आणलं. मी दुपारी धुऱ्यावर गेलो, तेव्हा टोपली झाडाखाली उलटी पडली होती आणि फुलं रक्तात चिकटली होती. सरकारी कागदावर मात्र ती राखीव जंगलात, मनाई असताना, आत गेली होती. जंगलात मेली तर चूक तिची, शेतात मेली तर साहेबांची. शेजारणींना 'तुमच्यावरही केस होईल' असा दम मिळाला आणि त्यांना काही आठवेनासं झालं.

ग्रामसभेत भाऊ उठला. त्याला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, वैनी धुऱ्यावर होती. मी उचललो तिले. माया हातानं."

साहेबाने सरपंचाकडे बघून विचारलं, "चंद्रावर कुणी गेलंच नाही म्हणणारे ते हेच का?"

सभा हसली. आठवड्यापूर्वी त्याच्या शब्दावर बायकांना मोह वेचायला धाडणारी हीच माणसं. मी उभा राहून टोपलीचं सांगितलं, तर साहेब म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शाळा सांभाळा." त्या हसण्याला मी माफ केलेलं नाही. हिवाळाभर खोटं बोलणाऱ्या साहेबांना नाही, आणि खरं सांगू, भाऊलाही नाही. रोज उठून चंद्रावर ओरडला नसता, तर त्या दिवशी त्याचा आवाज कुणाला तरी ऐकू आला असता.

पुढे तो मुकाट्याने पंक्चर काढायचा. मुद्दाम काही बातमी काढली तर "असंल" म्हणायचा. एकदाच म्हणाला, "मीच धाडलो ना, गुरुजी, तिले?" मग त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. पुढच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला.

निवृत्तीनंतर परवा त्या गावी गेलो होतो. धुऱ्यावरच्या मोहाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, आता एक नवी पाटी रोवली आहे: 'येथून पुढे राखीव जंगल'. जंगलाची हद्द खरं तर झाडाच्या पार पलीकडे, नाल्यापाशी. बसथांब्यावर दोन तरुण बसले होते. पाटी अलीकडे कशी आणली, बाई आपल्याच शेतात कशी मेली, ते मी त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढला.

त्यातल्या एकाने सरकून मला बसायला जागा दिली, चहा सांगितला आणि दुसऱ्याकडे बघून डोळा मारला. "गुरुजी," तो म्हणाला, "तुमी त भाऊसारकेच बोलून राहिले."