टीचर, उलट बाजूच बरी झाली!

वह्या तपासणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मार्क रजिस्टरात जातात, वह्या मुलांकडे परत जातात, किस्से तेवढे आपल्याकडे राहतात. मी डिचोलीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे. परीक्षेला दोन निबंध हमखास असत. एकात आपली बाजू मांडायची, दुसऱ्यात कुणी आपल्याला कसं पटवतं ते उलगडून दाखवायचं.

पहिल्याचा साचा मी फळ्यावर लिहून दिला होता : आपलं म्हणणं, त्याला पुरावे, समोरच्याचं म्हणणं, त्याला आपलं उत्तर आणि शेवट.

पेडण्याहून येणाऱ्या प्रसादचा शेवट मात्र ठरलेला. विषय मोबाइल असो, नाहीतर प्लास्टिक, शेवटची ओळ एकच : ‘तरी कृपया मंजुरी द्यावी, ही विनंती!’

मी विचारलं, "अरे, हा काय रजेचा अर्ज आहे?"

"टीचर, इंग्रजीत आजवर मी तेवढंच लिहिलंय. आणि दर वेळी रजा मिळालीय!"

*

दोडामार्गचा नीलेश साचा घरी वापरून आला. त्याला मित्रांबरोबर सहलीला जायचं होतं. आईसमोर उभं राहून त्यानं आपलं म्हणणं मांडलं, तीन पुरावे दिले. वर आईचं म्हणणंही स्वतःच मांडलं आणि खोडून काढलं!

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाला बोलून? आता ताट घे आणि जेवूक बस."

मी उत्सुकतेनं विचारलं, "मग? तुझा कुठला मुद्दा कमी पडला?"

"मुद्दे बरोबर होते, टीचर. वेळ चुकली. मलाच भूक लागलेली!"

*

दुसऱ्या निबंधासाठी मी कुणाचं तरी भाषण निवडायला सांगितलं. वर्गातल्या सुलक्षानं डिचोलीच्या बाजारातली मासळीवाली निवडली. लिहिलं होतं, ‘ती आधी गिऱ्हाइकाला एकटं बाजूला काढते, मग गुपित सांगते, मग टोपलीवर झाकण घालते.’

झाकण कशाला? मला राहवेना. सोमवारी शाळा सुटल्यावर बाजारात गेले. म्हटलं, नुसतं ऐकायचं.

"बाय, तुका म्हूण सांगता," ती हळूच म्हणाली, "हे बांगडे आताच आयल्यात. कोणाक सांगू नाका." आणि खरंच झाकण घातलं!

दुसऱ्या दिवशी सुलक्षानं विचारलं, "टीचर, पटलं माझं विश्लेषण?"

"पटलं," मी म्हटलं. आमच्या घरी सोमवारी मासळी शिजत नाही. फ्रीजमध्ये बारा बांगडे होते.

*

याच सुलक्षाचे वडील खाणीवर ट्रक चालवत. पुढच्या महिन्यात मी विषय दिला, ‘खनिजाचे ट्रक गावातून जावेत का?’ तिनं ठामपणे लिहिलं, ‘जावेत.’ पुरावे म्हणून घरची चूल, भावाची शाळा, गावातली गॅरेजं.

मग समोरच्याचं म्हणणं आलं. वाळत घातलेले कपडे धुळीनं लाल होतात. भावाचा खोकला पावसाळा येईपर्यंत थांबत नाही. रस्ता ओलांडायला शाळेच्या पोरांना हात धरून ताटकळावं लागतं. तो परिच्छेद वाचताना मी लाल पेन खाली ठेवलं.

ती स्वतःच टेबलाशी आली. "टीचर, उलट बाजूच बरी झाली. आता तिला उत्तर काय लिहू? सुचतच नाही."

"घरी मोठ्यानं वाचून बघ. सुचेल."

"बाबांसमोर?" तिनं वही छातीशी धरली.

"तुझी इच्छा."

दुसऱ्या दिवशी वही टेबलावर ठेवून ती जागेवर जाऊन बसली. उत्तराचा परिच्छेद भरलेला होता. मराठीत, मोठ्या, जड अक्षरात :

‘वरील मुद्द्यांना माझ्याकडेही उत्तर नाही. मुलीचे मार्क कापू नयेत.’