कबूल, नाकबूल

माझ्या आईवर चोरीचा खटला झाला तेव्हा मी वीस वर्षांची होते. सुरतच्या एका मराठी शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही मूळचे खानदेशातले. वडील कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, होते; ते घरी अहिराणी बोलत, बाहेर गुजराती बोलत आणि पोलीस दिसला की काहीच बोलत नसत.

आई आणि शेजारच्या खोलीतली मावशी सुरतच्याच कतारगाम भागातल्या एका कारखान्यात जरीच्या फिरक्या भरायला जात. मावशी नात्यातली नव्हती. बुलढाण्याकडच्या बौद्ध घरातली ती विधवा बाई दोन मुलींना घेऊन आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची, म्हणून मावशी. एका सोमवारी मुनिमाने माल मोजला, तर काही फिरक्या कमी भरल्या. शोधाशोध झाली. बायका डबे ठेवत त्या फळीवर, आईच्या आणि मावशीच्या पिशव्यांमागे, दोन फिरक्या सापडल्या. दुपारी पोलीस आले. वडिलांच्या कारखान्यातला मिस्त्री जामीन राहिला, म्हणून संध्याकाळी दोघी घरी आल्या. आई सरळ चुलीपाशी जाऊन पीठ मळायला बसली. मावशी उंबऱ्यातच बसून राहिली.

पहिला वकील आम्ही शोधला नाही, तोच आम्हाला मिळाला. चौकीत कुणीतरी नाव सांगितलं, आम्ही गेलो. कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली उभं करून त्याने दोन मिनिटांत सगळं उरकलं.

"साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. हो म्हणायचं. पहिलीच वेळ आहे, बायामाणसं आहेत, थोडा दंड होईल. जेवायला घरी."

"आणि नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर दोन वर्षं तारखा मोजा."

वडिलांना ते पटलं. ते म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण चढलोच आहोत, तर लवकर उतरू." मावशीलाही पटलं. तिचा प्रत्येक खाडा म्हणजे मुलींचं एक जेवण होतं.  सकाळी डोक्यावर पदर घेताना आई मात्र म्हणाली, "मी लिधं नही, मंग लिधं कशी म्हनू?" न घेतलेलं घेतलं असं तिला म्हणायचं नव्हतं.

कोर्टात मॅजिस्ट्रेटने आधी मावशीला विचारलं, "गुनो कबूल छे?" मावशीने वकिलाकडे पाहिलं आणि मान हलवली. कारकुनाने लिहिलं, तिने अंगठा दिला, दंड भरला आणि ती मोकळी झाली. मग आईला विचारलं. आई म्हणाली, "नही साहेब." बाहेर आल्यावर वकिलाने आमचे कागद माझ्या हातात कोंबले. "माझं ऐकायचं नसेल तर दुसरा वकील बघा."

दुसरा वकील बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं, हे मला ठाऊक नव्हतं. पाट्या तर सगळ्यांच्या सारख्या, कोटही सारखे. मी शाळेतून दोन दिवसांची रजा काढली आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. कुणी हटकलं नाही. तिथे एक मोठ्या आवाजाचे वकील होते. ते बोलायला लागले की त्यांचा अशील खूश होऊन आजूबाजूला बघायचा, पण साक्षीदार मात्र आपलं म्हणणं सोडत नसे. दुसरे एक म्हातारे गुजराती वकील होते. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांना मॅजिस्ट्रेटने काहीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, हे मला आत्ता माहीत नाही. बघून सांगतो." दोन दिवसांत माहीत नाही म्हणणारा माणूस मला तेवढा एकच दिसला. मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले.

मी आईला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "बेन, मला खरं सांगा. घेतल्या होत्या?"

"नही."

"मग त्या फळीवर कुणाच्या पिशव्या असतात?"

आई सांगत गेली, मी गुजरातीत करून देत गेले. अकरा बायका, एकच फळी, दार नाही, कुलूप नाही. ते लिहीत राहिले. मी भीतभीत विचारलं, "मावशींनी कबूल केलंय. त्याचा आईला त्रास होईल?" ते म्हणाले, "तिचं कबूल तिच्यापुरतं." मावशीचं पुढे काय, हे मी विचारलं नाही. ती तर सुटली होती.

तारखा मात्र खरंच दोन वर्षं पडल्या. जरीचं काम गेलं ते गेलंच. कारखान्याच्या शेठने दोघींनाही परत घेतलं नाही. त्या घरी साड्यांचे दोरे कापायचं काम आणू लागल्या. पहिले काही आठवडे आई मावशीशी बोलत नव्हती. मावशी कबूल बोलली म्हणून लोक आपल्यालाही चोर समजतात, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मग मावशीच्या धाकटीला गोवर आला आणि आई कडुनिंबाचा पाला घेऊन तिच्या खोलीत गेली. त्यानंतर दोघी पुन्हा एकाच गठ्ठ्याभोवती बसायला लागल्या.

शेवटी साक्षी झाल्या. वकिलांनी मुनिमाला चारच प्रश्न विचारले. फळी कुणाची, पिशव्या किती, कुलूप आहे का, फिरक्या कुणाच्या पिशवीत होत्या की पिशवीमागे. "पाछळ," म्हणजे मागे, असं मुनीम म्हणाला. पंचाने तर पंचनाम्यावरची सही आपण कारखान्यात नाही, चौकीत केल्याचं सांगून टाकलं. महिन्याभराने निकाल लागला. आई सुटली.

वडिलांनी बाहेर येऊन वकिलांचे पाय धरले. आई मात्र मला ढोसत होती, काय लिहिलंय ते नीट विचार म्हणून. वकील म्हणाले, "शंकेचा लाभ देऊन निर्दोष सोडलं."

आईने विचारलं, "शंका कोनले शे? माले ते काहीच शंका नही."

वकील हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं. म्हणाले, "बेन, कोर्ट तिथे नव्हतं. तुम्ही घेतलं की नाही हे त्याने पाहिलेलं नाही. पोलिसांनी शाबीत केलं की नाही, एवढंच ते बघतं. शाबीत झालं नाही, म्हणजे तुम्ही निर्दोष. यात अर्धंमुर्धं काही नसतं."

"मंग मी चोर नही, अशे कोन लिखी दी?"

"तसं लिहून देणारं कोर्ट नसतं," ते म्हणाले.

आईला ते पुरलं नाही. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते. दोन वर्षं फेऱ्या मारून सुटका मिळाली, आणि हिला वर दाखला हवा! आज वाटतं, ती बरोबरच विचारत होती. फक्त तिचा प्रश्न कोर्टाला विचारायचा नव्हता. तो तिला कामावरून काढणाऱ्या शेठला विचारायचा होता, आणि ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर साधारण वर्षाने एका सरकारी दवाखान्यात आयांच्या जागा निघाल्या. मावशी फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. मी एकेक रकाना वाचून विचारत होते. मध्ये एक रकाना आला: फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?

"मावशी, इथं काय लिहू?"

"मले कुठं शिक्षा झाली? मी तं दंड भरला अन् घरी आली. जेलात थोडीच गेली!"

मलाही तसंच वाटलं. शिक्षा म्हणजे तुरुंग. मी माझ्या सुबक अक्षरात 'नाही' लिहिलं.

मावशी लागली. पांढरी साडी नेसून निघाली की मुली चाळीच्या टोकापर्यंत पोचवायला जायच्या. चार महिन्यांनी पोलीस चौकशीचा कागद आला. तिने माहिती लपवली म्हणून तिला कमी केलं. ती तो कागद घेऊन माझ्या दारात उभी राहिली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तूच लिहून देलं होतं ना, माय?"

मी तिला घेऊन त्याच वकिलांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "कबूल केलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला. दंड ही शिक्षाच आहे. कमी असेल, पण शिक्षाच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कबूलच करायचं होतं तर निदान दंडाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, असं मागायचं. पहिल्या गुन्ह्याला मिळतं ते. मग नोकरीला आड आलं नसतं. तिच्या वकिलाने सांगितलं नाही?"

त्याने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिचं कबूल तिच्यापुरतं, हे ऐकून मी निर्धास्त झाले होते. दोघींपैकी जिने नाकबूल म्हटलं ती दोन वर्षं रखडली आणि निर्दोष ठरली. जी पहिल्याच दिवशी दंड भरून मोकळी झाली, तीच कायद्याच्या कागदावर चोर होती. आणि फिरक्या दोघींनीही घेतल्या नव्हत्या.

अपिलाची मुदत कधीच टळली होती. वकिलांनी फी न घेता दवाखान्याला अर्ज लिहून दिला: बाई निरक्षर आहे, दंड म्हणजे शिक्षा हे तिला ठाऊक नव्हतं, फॉर्म दुसऱ्याने भरला आहे. त्याखाली फॉर्म भरणारी म्हणून मी सही केली. शाळेत कळलं तर माझीही हंगामी नोकरी जाईल, अशी वडिलांना धास्ती होती. तसं काही झालं नाही. अर्ज मात्र नामंजूर झाला.

मी माफी मागितली तेव्हा मावशीला राग येण्याऐवजी अवघडल्यासारखं झालं. "तू तं मी सांगतलं तेच लिहिलं," ती म्हणाली आणि आईने पुढे सरकवलेल्या गठ्ठ्यातली एक साडी मांडीवर ओढून दोरे कापायला लागली. पुढे ती एका खाजगी प्रसूतिगृहात लागली. तिथे फॉर्म नव्हता, चौकशी नव्हती, पेन्शनही नव्हतं. कतारगामातली कितीतरी पोरं पहिली अंघोळ तिच्या हातची करून घरी गेली. धाकटीच्या लग्नानंतरही काही वर्षं ती कामावर जात होती.