पहिली पंगत

मी हे लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे १९९७च्या, गणपतीतली दुपार. इथं परदेशात, नोव्हेना भागातल्या एका कॉन्डोचा, म्हणजे उंची सोसायटीचा, हॉल. बाबांनी गिटार वाजवली. इथल्या मराठी मंडळाचे एक काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी बाबांची पाठ थोपटली, विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

बाबांनी सांगितलं.

"हां. म्हणजे वाजवणं रक्तातच आहे तुमच्या."

रक्तात? बाबा खलाशांकडून रॉक अँड रोलच्या रेकॉर्डी मागून आणायचे. एकेक तुकडा शंभरदा ऐकून बसवायचे. बोटं फुटायची. विशीत त्यांचा स्वतःचा बँड होता. ब्रिटिश सोल्जरांच्या क्लबात वाजवायचे. एक रेकॉर्डही निघाली. पुढे नाचाचे हॉल बंद पडले. लांब केस म्हणजे बिघडलेली पोरं, असं इथल्या सरकारनं ठरवलं; सरकारी कचेरीत त्यांचं काम सगळ्यांच्या शेवटी घेऊ लागले. बाबांनी केस कापले आणि हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलू लागले.

हे सगळं सांगायचं होतं. तोवर पानं मांडून झाली.

"तुमचं मागाहून, पॅन्ट्रीत," काका म्हणाले. "वाजवणारे शेवटी जेवतात, पद्धतच आहे आपली. राग नका मानू."

बाबा निघालेसुद्धा पॅन्ट्रीकडे.

मी काकांसमोर उभी राहिले. "माझे बाबा आर्टिस्ट आहेत. हलगीवाले नाहीत."

गिटार उचलली. बाबांचा हात धरला. उपाशीच बाहेर पडलो.

घरी जायला एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, बसलो. आमचं स्टेशन, आंग मो किओ, जवळ आलं तेव्हा बाबा बोलले.

"माझा बाप गावाकडं हलगीच वाजवायचा, पोरी. इथं बंदरावर हमालीला आला तरी माझ्या मांडीवर थापट्या मारून ठेका शिकवला त्यानं. रक्तातनं नाही आला. तू त्या साहेबाला उत्तर दिलंस, का माझ्या बापाला शिवी?"

 काकांनी बाबांना मागे बसवलं. मी आजोबांना.

यंदा मंडळाचा फोन आला, पुन्हा वाजवाल का. मी ईमेल लिहिली. चारदा खोडली, मग पाठवली. 'वाजवतील. हलगीवाल्याचा मुलगा अशी ओळख करून द्या. आणि आम्ही पहिल्या पंगतीत जेवू.'

दोन आठवडे काही नाही. लेक्चर सोडून कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन मेल उघडायचे. पुन्हा उघडायचे.

काल उत्तर आलं. 'यंदा कार्यक्रम भरला आहे. क्षमस्व.'

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बरं झालं. गिटारचं ओझं नाही."

आम्ही जाणार आहोत. पहिल्या पंगतीत बसणार आहोत. उठवायचं असेल, तर त्यांनी सगळ्यांसमोर उठवावं.