उजव्या बाजूचा पैलवान

येसाजी पेंटर कापडे गावचा. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम शिकला आणि महाडच्या बाजारात पाट्या रंगवून त्यानं संसार केला. माझं रंगाचं दुकान, त्यामुळे त्याचा स्वभाव मला पाठ. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

तरुणपणी त्यानं एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमवाल्याला मारामारीच्या गेमचं उंच लाकडी खोकं रंगवून दिलं. दोन्ही अंगांना एकेक पैलवान हवा होता. परदेशी पैलवान यानं कुठे पाहिलेत? डावीकडे धाकट्या भावाचा, चांगूचा चेहरा काढला, उजवीकडे स्वतःचा. डोळ्यांची आखणी पेणच्या रिवाजानं सगळ्यात शेवटी. ती झाली की मूर्तीत जीव येतो असं तिथं मानतात. चांगूचे डोळे काढून झाले आणि त्याच आठवड्यात चांगू सावित्री नदीत वाहून गेला. उजव्याचे डोळे येसाजीनं काढलेच नाहीत. पोरं त्या आंधळ्या पैलवानाच्या खोक्यावर तशीच खेळत राहिली.

"पेंटर, रंगानं माणूस मरतो होय?" मी चिडवायचो.

पुढे ते व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं. यंदा हायवेवर हॉटेल काढणाऱ्या साहिलनं ते खोकं विकत घेऊन येसाजीच्या पडवीत आणून ठेवलं. त्याला जुनंच चित्र, पण ताजं हवं होतं, डोळ्यांसकट. येसाजीनं सगळं उजळलं, डोळ्यांना तेवढा हात लावेना. गणपतीच्या आधी मी रंगाचा डबा द्यायला कापड्याला गेलो आणि कारण कळलं. मुंबईहून त्याचा मुलगा ओंकार आला होता. तो खोक्याशेजारी उभा होता. उजव्या पैलवानाचा, म्हणजे तरुणपणीच्या येसाजीचा, चेहरा आता हुबेहूब ओंकारचा दिसत होता.

ओंकारच्या हातात ओला ब्रश होता. तेवढ्यात येसाजी शेतावरून आला.

"आबा, डोळे काढले बघा मी. साहिलशेठचे सारखे फोन येत होते. म्हटलं, तुमच्या डोक्याचा ताप मिटवून टाकू."

येसाजीची बायको रखमा दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली. "काय केलंस रे पोरा!"

"मग पुसतो की."

"उघडलेलं डोळं पुसत नाय," येसाजी म्हणाला. "रखमे, आरसा आण."

रखमा जागची हलली नाही. त्यानं माझ्या हातातला पांढरा डबा घेतला. एका हाताच्या बोटांनी स्वतःचा चेहरा चाचपत दुसऱ्या हातानं तो पैलवानाला म्हातारा करू लागला. मिशा पांढऱ्या झाल्या, गाल बसले, कपाळावर आठ्या आल्या. ओंकार हसत होता. मला भीती वाटत होती, खरीखुरी.

"आता कोन हाय ह्यो?" येसाजीनं मला विचारलं.

"तू."

"नीट बघ."

"तूच आहेस, येसाजी."

त्याचा जीव भांड्यात पडला. ब्रश पुसत तो ओंकारला म्हणाला, "आता बिनघोर जा मुंबईला."

ओंकार चित्र बघत होता. रखमा नवऱ्याकडे बघत होती.